सातवा वाफा

त्या वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा तक्रारवहीत मोठ्या माळ्यांच्या तक्रारींचा आकडा एकोणतीसवर गेला होता. वही माझ्या ताब्यात असते, म्हणून सांगते. गुलाबबागेच्या फाटकाशी तिकिटाची खिडकी आहे, तिच्यामागे मी बसते. एकोणीस वर्षं झाली. वही कठड्याला दोरीने बांधून ठेवली आहे, कारण लोक पेन नेतात, उद्या वहीही नेतील. इतर माणसं तिच्यात लिहितात ते असं : बाकडं मोडलंय, नळाला पाणी नाही, तिकीटवाली बाई हसत नाही. मोठे माळी मात्र तारीख-वार घालून सविस्तर लिहायचे आणि सहीखाली न चुकता जोडायचे, 'निवृत्त मुख्य माळी, सेवा चौतीस वर्षे'.

"तिसऱ्या वाफ्यातली वाळलेली फुलं नुसती मुंडी पिरगळून काढली आहेत. दोन पानं खाली उतरून कात्री लावायची असते. झाडं म्हणजे कोंबड्या नव्हेत."

त्याच्याखाली पेन्सिलीने उत्तर : "थंडीच्या तोंडावर खाली उतरून कापलं तर नवा फुटवा येतो आणि गारठ्यात मरतो. हे मला तुम्हीच शिकवलं होतं. — मुख्य माळी."

पेन्सिलीचं उत्तर ताईंचं. ताई म्हणजे बागेच्या आताच्या मुख्य माळी. बाविसाव्या वर्षी शिकाऊ म्हणून मोठ्या माळ्यांच्या हाताखाली आल्या, फांदीवरचा डोळा दुसऱ्या खुंटावर कसा भरायचा, कलम कसं बांधायचं ते त्यांच्याकडूनच शिकल्या, आणि पुढे त्यांच्याच मुलाशी लग्न झालं. मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करायचा, अबोल आणि गुळगुळीत, आपल्या काचांसारखाच. सहा वर्षं संसार झाला. सातव्या वर्षी ताई दोन पिशव्या घेऊन बाहेर पडल्या त्या परत गेल्या नाहीत. त्यानंतर वर्षभराने मोठे माळी निवृत्त झाले आणि परीक्षा देऊन त्यांची जागा ताईंनी घेतली.

मोठ्या माळ्यांच्या मते हिने आधी मुलाचं घर मोडलं आणि मग बापाची खुर्ची बळकावली. खरं म्हणजे मुख्य माळ्याला खुर्ची नसतेच. अवजारांच्या खोलीत एक पालथी बादली आहे, तिच्यावर बसून चहा प्यायचा, एवढाच काय तो थाट.

बागेतली माणसं ताईंना पाठीमागे अजून 'सूनबाई' म्हणायची. मी नाही म्हणायचे, पण हसायचे. खरी गंमत ते दोघं समोरासमोर आले की व्हायची. एकेकाळी ताई त्यांना 'बाबा' म्हणायच्या आणि ते ताईंना अगं-तुगं करायचे. आता ते त्यांना 'अहो बाई' म्हणत, जशी कुणी रस्त्यात धक्का मारणाऱ्या परक्या बाईला हाक मारावी. आणि ताई त्यांना 'आजोबा' म्हणायच्या. बागेत येणाऱ्या सगळ्याच म्हाताऱ्यांना त्या आजोबा म्हणत, त्यामुळे कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. पण तो शब्द कानावर पडला की मोठ्या माळ्यांचा जबडा कसा आवळायचा ते मी खिडकीतून पाहिलंय.

आमच्या बागेत खरी गर्दी उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते. गुलाब तेव्हा भरभरून येतात, लोक फोटो काढतात, वेष्टनं टाकतात आणि निघून जातात. पण ज्यांना गुलाब कळतो ती माणसं पानगळीत येतात. तेव्हा फुलं कमी असतात, पण एकेक फूल आठ-आठ दिवस टिकतं. ऊन तिरकं येतं, दवाचे थेंब दहा वाजेपर्यंत पाकळ्यांवरून हलत नाहीत. रंग आटवलेल्या दुधासारखे दाट होतात. भोवतालच्या झाडांची पानं वाफ्यांत येऊन पडतात, त्यांचा ओलसर कुजका वास आणि गुलाबाचा वास एकत्र झाला की मलासुद्धा खिडकी बंद करून एक फेरी मारावीशी वाटते. 'पाच मिनिटांत येते' ही पाटी मी त्यासाठीच करून घेतली आहे.

आणि पानगळीत सातव्या वाफ्याला तोड नव्हती. त्या वाफ्यातला गुलाब मोठ्या माळ्यांनी स्वतः तयार केला होता. दोन जातींचा संकर करून बिया धरल्या, शेकडो रोपं वाढवली, टाकली, पुन्हा वाढवली. अठरा वर्षं गेली त्यात. नाव ठेवायचं राहूनच गेलं. पत्र्याच्या पट्टीवर 'सात-अ' एवढंच लिहिलेलं. उन्हाळ्यात हा गुलाब कुणी वळूनही पाहणार नाही असा फिकट यायचा. थंडी पडायला लागली की मात्र त्याला पिकल्या जर्दाळूचा रंग चढायचा, कडांना तांब्याची झाक यायची, आणि वास तर असा की नासपतीची पेटी नुकतीच उघडली असावी.

मोठे माळी रोज सकाळी साडेनऊला यायचे. निवृत्त माणसांना मिळतो तो पास माझ्यासमोर धरायचे, जणू मी त्यांना ओळखतच नाही. मग घडीचं स्टूल घेऊन सातव्या वाफ्यासमोर बसायचे. लगेच वास घ्यायचे नाहीत. दव उतरेपर्यंत थांबायचे, मग एक फूल निवडून त्याच्यामागे तळहात धरायचे आणि मान खाली न्यायचे. तेवढ्या वेळापुरता त्यांचा चेहरा सैल पडायचा. एरवी त्या माणसाच्या नाकावरचा राग कधी उतरलेला मी पाहिला नाही.

वास घेऊन झाला की ते खाली वाकायचे. खिशातून छोटा चाकू काढायचे आणि झाडाच्या बुंध्याशी, मातीलगत आलेले जंगली फुटवे कापून टाकायचे. कलमी झाडाला खालून असे फुटवे येतात, ते काढावेच लागतात, हे मलाही ठाऊक होतं. त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ताईंनी दोनदा वहीत लिहिलं होतं, "पाहणाऱ्यांनी झाडांना हात लावू नये." मोठ्या माळ्यांनी त्याखाली लिहिलं, "ज्यांनी लावायला हवा ते लावत नाहीत." विषय तिथेच मिटला.

मग एके सोमवारी सातव्या वाफ्यापाशी नोटीस लागली. 'या वाफ्यातील सर्व झाडे रोगामुळे महिनाअखेरीस काढून टाकण्यात येतील.' खाली ताईंची सही.

मोठ्या माळ्यांनी नोटीस वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग स्टूल तिथेच टाकून ते अवजारांच्या खोलीकडे निघाले, इतक्या तरातरा की मला राहवेना. मी पाटी लावली आणि मागोमाग गेले.

ताई बादलीवर बसून कात्र्यांना तेल देत होत्या. उठल्या नाहीत.

"ही नोटीस तुमची?"

"खाली सही आहे, आजोबा."

"कसला रोग?"

"कार्यालयाला लेखी कळवलंय. पाहणाऱ्यांना तपशील सांगायची पद्धत नाही."

"मी पाहणारा?"

"तुमच्या पासावर तसंच छापलंय."

मोठे माळी दारात उभे होते. आत यायला त्यांना कुणी म्हटलं नव्हतं आणि चौतीस वर्षं ज्या खोलीची किल्ली आपल्या कमरेला होती तिथे न बोलावता शिरणं त्यांना जमेना.

"अठरा वर्षं दिलीयत मी त्या झाडाला," ते म्हणाले. "सूड उगवायचा तर माझ्यावर उगवा. मुक्या झाडांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुमच्यावर सूड उगवायचा असता," ताई कात्री उघडून-मिटून बघत म्हणाल्या, "तर मी तुमच्या घरातच राहिले असते."

मला वाटलं, संपलं. पण ताईंचंही तोंड एकदा उघडलं की लवकर मिटत नाही.

"सहा वर्षं मी कांदा चिरायला घेतला तरी तुम्ही मागे उभे. सुरी अशी धर, बोट तसं ठेव. तुमचा मुलगा समोर बसून चष्मे पुसतोय. माझं लग्न त्याच्याशी झालं होतं, नोकरी मात्र दिवसरात्र तुमच्याकडे होती. इथून सुटून घरी जायचं आणि घरी पुन्हा मुख्य माळी."

"शिकवलं म्हणून आज या बादलीवर बसला आहात."

"शिकवलंत. मी कुठे नाही म्हणते? शिकवलंत म्हणूनच वाफा काढतेय."

"बघतोच कसा काढता."

"बघा. पास आहेच."

आता एका वाक्यात काय तो रोग सांगून टाकला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. कारण होतं, पण ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मोठ्या माळ्यांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली. कागद घेऊन ते सातव्या वाफ्याशी उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी फूल दाखवायचे. फुलं अशी काही आली होती की वकिलाची गरज नव्हती. रोज फिरायला येणाऱ्या निवृत्त शाळामास्तरीण बाईंनी पहिली सही केली. त्यांनी वरून कार्यालयातल्या साहेबांना स्वतंत्र पत्रही लिहिलं, त्यात शुद्धलेखनाची एक चूक नव्हती आणि दयामायाही नव्हती. "वैयक्तिक आकसापोटी सार्वजनिक सौंदर्याचा बळी" असे शब्द होते त्यात. पंधरा दिवसांत बावन्न सह्या झाल्या. त्यातली तेविसावी माझी. मी बागेची नोकर, मी सही करायला नको होती. पण मलाही त्या वासाची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर ताईंनी मला कधी चहाला विचारलं नव्हतं.

त्या पंधरा दिवसांत बागेची हवा पार बिघडून गेली. लोक ताईंकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. कुणीतरी नोटिशीवर 'लाज वाटू द्या' असं लिहिलं. ताईंनी ती काढली, नवी लावली. पुन्हा लिहिलं, पुन्हा नवी लावली. मास्तरीण बाई जाता जाता मोठ्याने म्हणायच्या, "काही जणींना घर टिकवता आलं नाही, बाग कुठून टिकवणार?" ताई ढकलगाडी घेऊन तशाच पुढे जायच्या. त्यांचा चेहरा कोरा असायचा, पण चाक मुद्दाम बाईंच्या चपलेच्या अगदी कडेने जायचं.

शेवटी कार्यालयातून साहेब आले. रविवारी अकरा वाजता. सही करणाऱ्यांपैकी तीसेक माणसं जमली होती. मोठे माळी इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि मुलालाही सोबत आणलं होतं. मुलगा मागे उभा राहून आपल्या बुटांकडे बघत होता. ऊन छान पडलं होतं. सात-अ त्या दिवशी जेवढा फुलला तेवढा मी कधी पाहिला नव्हता. जणू त्यालाही सुनावणीची खबर लागली होती.

साहेबांनी आधी मोठ्या माळ्यांना बोलू दिलं. ते चांगलं बोलले. झाड कसं घडलं ते सांगितलं, रंगाबद्दल सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "रोगी झाड असं फुलतं का, एवढंच मला विचारायचंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब ताईंकडे वळले. "तुमचं म्हणणं?"

"म्हणणं लेखी दिलंय, साहेब. तुम्ही वाचलं असेलच."

साहेबांनी वाचलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. "यांना थोडक्यात सांगा," ते म्हणाले.

ताईंनी सांगितलं काहीच नाही. त्यांनी कुदळ घेतली आणि कोपऱ्यातल्या झाडाभोवती खणायला लागल्या. गर्दीतून एकदम हाय हाय उठली. मोठे माळी पुढे झाले, पण साहेबांनी हात आडवा धरला. ताईंनी चारी बाजूंनी माती मोकळी केली, दोन्ही हातांनी बुंधा धरून झाड उपसलं आणि फुलांसकट गवतावर आडवं टाकलं. मग झारीने मुळांवर पाणी सोडलं.

माती धुऊन गेली तशा गाठी दिसायला लागल्या. बुंध्याशी, जिथे मुळं फुटतात तिथे, अक्रोडाएवढ्या, काळपट, खडबडीत गाठी. एकीला चिकटून दुसरी, तिला चिकटून तिसरी. इतकं देखणं फूल वर आणि खाली हे. मास्तरीण बाई दोन पावलं मागे सरकल्या.

मोठे माळी गुडघ्यांवर बसले. त्यांनी एक गाठ अंगठ्याने दाबली. ती भुसभुशीत होती, कवच तुटलं. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण ते काही बोलेनात. ज्याला काही कळत नाही तो वाद घालू शकतो. त्यांना सगळं कळत होतं.

"हे माझ्या वाफ्यात कधीच नव्हतं," ते अखेर म्हणाले. "कुठून आलं?"

ताईंनी झारी बाजूला ठेवली.

"मी विचारतोय, कुठून आलं? तुमच्या काळात आलंय हे. तुमच्या अवजारांनी आलंय. कात्र्या धुता का तुम्ही? नाही, सांगा साहेबांना, धुता का?"

तेव्हा ताई बोलल्या. आवाज चढवला नाही. "तुमच्या घराच्या दारात गुलाबाची वेल आहे, तिच्यावरून आलंय. चार वर्षांपूर्वी त्या वेलीच्या बुडाशी मी तुम्हाला गाठ दाखवली होती. तुम्ही म्हणालात, जुन्या खोडाला गाठी यायच्याच, मला शिकवू नकोस. त्याच वेलीचे फुटवे तुम्ही ज्या चाकूने काढता तोच चाकू खिशात घालून रोज इथे येता आणि इथले फुटवे काढता. तीन वर्षं. जखम ओली असते, रोग आत जातो. हे मी सांगणार नव्हते. नोटिशीत 'रोग' एवढंच लिहिलं होतं. बावन्न माणसं तुम्ही गोळा केलीत."

"खोटं आहे," मोठे माळी म्हणाले. "मी इथे कधी चाकू लावला? कुणी पाहिलंय?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग साहेबांनी बघितलं. मग हळूहळू सगळ्यांनीच. माझी खिडकी बरोबर सातव्या वाफ्यासमोर आहे, हे बागेत येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

मोठे माळीही माझ्याकडे बघत होते. गुडघ्यांवर बसूनच. सदऱ्याच्या इस्त्रीला चिखल लागला होता.

"पाहिलंय," मी म्हणाले. "रोज."

मुलाने मान वर केली, बापाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मोठ्या माळ्यांनी खिशातून चाकू काढला. हस्तिदंती रंगाची मूठ, पातं झिजून अर्धं झालेलं. त्यांनी तो समोरच्या मातीवर ठेवला.

"तो इथे ठेवू नका," ताई म्हणाल्या. "कुणी उचलून दुसऱ्या झाडाला लावला तर रोग तिथेही जाईल. उचला."

त्यांनी उचलला. उठताना त्यांना आधार लागणार होता. मुलगा पुढे झाला तर त्यांनी त्याचा हात झटकला आणि स्टुलाला धरून एकटेच उठले. गर्दी हळूहळू पांगली. मास्तरीण बाई जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला असं चारचौघांत? तुम्हाला गप्प बसता आलं असतं." मी म्हणाले, "तुम्हालाही." तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे माळी पुन्हा आले. पास दाखवला नाही. फाटकाच्या बाहेरच उभे राहिले आणि ताई दिसल्यावर त्यांनी हाक मारली. या वेळी 'अहो बाई' नाही. नुसतंच, "ऐका."

ताई फाटकापाशी आल्या. मध्ये लोखंडी गज होते.

"एक फांदी हवी," ते म्हणाले. "अगदी वरची. वरच्या डोळ्यांत रोग नसतो, बहुतेक नसतो. मी नवा खुंट आणून त्याच्यावर ते डोळे भरीन."

"नाही."

"एकच. चार डोळे."

"रोगट वाफ्यातलं पानही बागेबाहेर जायचं नाही, असा नियम आहे."

"तो नियम मी केलाय."

"मग मोडायला तुम्हाला माझ्याहून जास्त लाज वाटायला हवी."

मोठे माळी गज धरून उभे राहिले. "तू तरी भर," ते म्हणाले. अनेक वर्षांनी 'तू' आलं होतं, आणि ते विनवणीचं होतं. "इथेच, रोपवाटिकेत. मला देऊ नकोस. पण भर."

ताईंनी सातव्या वाफ्याकडे मान वळवली. मला वाटलं, विरघळल्या. पण त्या म्हणाल्या, "'बहुतेक नसतो' यावर मी बाकीची नऊशे झाडं पणाला लावणार नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर लावली असती?"

त्यांनी लावली नसती. मला माहीत होतं, ताईंना माहीत होतं, आणि त्यांना तर सगळ्यात जास्त. मग ते वळले आणि जाता जाता पास माझ्या खिडकीतून आत टाकला. तो माझ्या चहात पडला.

वाफा काढायला तीन दिवस लागले. चौसष्ट झाडं होती. ताईंनी माणसांना हात लावू दिला नाही असं नाही, पण प्रत्येक झाडाचा शेवटचा घाव त्यांनीच घातला. झाडं फुललेलीच होती. फुलांसकट ती बागेच्या मागच्या अंगणात रचली आणि तिथेच जाळली. ओलं लाकूड, ओल्या पाकळ्या. आग धड पेटेना, नुसता धूर. तो धूर तीन दिवस बागेत भरून राहिला आणि त्याला अजून नासपतीचा वास होता. माती गुडघाभर खोल काढून गाडीने लांब नेली. ताईंचे डोळे लाल झाले होते. धुराने असतील. मी विचारलं नाही, विचारलं असतं तर मलाच दोन शब्द ऐकावे लागले असते.

मोठे माळी ते तीन दिवस रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभे होते. सकाळी यायचे, दुपारी जायचे. आत आले नाहीत. मी खिडकीतून एकदा त्यांना पाणी हवंय का म्हणून खुणेनं विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

आठवड्याभराने त्यांचा मुलगा माझ्या खिडकीशी आला. ताईंना भेटायचंय म्हणाला. मी ताईंना बोलावून आणलं. इतक्या वर्षांनी दोघं बोलायला समोरासमोर आले होते, पण 'कसं काय' असं कुणीच विचारलं नाही.

"बाबांनी घरचे सगळे गुलाब उपटले," मुलगा म्हणाला. "दारातली वेलसुद्धा. एकट्यानेच. मी म्हटलं मदत करतो, तर ऐकेनात. कंबर धरलीय. सरळ उभं राहवत नाही. जेवत नाहीत धड. तू एकदा येऊन गेलीस तर—"

"मी डॉक्टर नाही."

"तसं नाही. तू येऊन फक्त म्हणालीस की—"

"काय म्हणू? चुकले मी?" ताईंनी हातमोजे काढले. "तू इतकी वर्षं त्यांच्या घरात आहेस. तू काय म्हणालास त्यांना आजवर?"

मुलाने चष्मा काढला आणि पुसायला लागला. ताईंनी ते बघितलं आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं की मी हातातली तिकिटं नीट करायला लागले.

"चाकू पाण्यात घालून चांगला उकळा," त्या म्हणाल्या. "कुदळ, कात्री, सगळं. त्या मातीत चार वर्षं तरी गुलाब लावू नका. गवत लावा, कांदे लावा. उपटलेलं तिथेच पडलं असेल तर आजच्या आज जाळा. कळलं? लिहून घे, विसरशील."

त्याने खरोखरच लिहून घेतलं. माझ्याकडूनच कागद मागितला. ताई तोवर निघून गेल्या होत्या.

पुढच्या वर्षभरात मोठे माळी बागेत फिरकले नाहीत. सातव्या वाफ्यात ताईंनी उंच वाढणारं गवत लावलं, कारण गवताला तो रोग लागत नाही. थंडी पडायला लागली तसे त्याला तपकिरी तुरे आले. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायला लागले. इथे आधी काय होतं ते विचारणारे कमी होत गेले.

पानगळीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका गार सकाळी, खिडकीतून एक हात आत आला आणि तिकिटापुरती नाणी ठेवून थांबला. मी वर पाहिलं. मोठे माळी होते. वाळले होते, हातात काठी आली होती. मी म्हटलं, "तुम्हाला पुन्हा पास मिळेल, नुसता अर्ज केला तर." ते ऐकू आलं नसल्यासारखे तिकीट घेऊन आत गेले.

सातव्या वाफ्यावरून ते न थांबता गेले. अकराव्या वाफ्यापाशी बसले. तिथे लालभडक गुलाब आहेत, ताईंनीच तीन वर्षांपूर्वी लावलेले. दव उतरेपर्यंत ते थांबले. मग एका फुलामागे तळहात धरला आणि वास घेतला. बराच वेळ. खाली वाकले नाहीत.

ताई ढकलगाडीत पालापाचोळा भरून तिकडूनच चालल्या होत्या. त्यांना बघून त्या थबकल्या, मग तशाच पुढे निघाल्या. वाटेत माझीही फेरी चालली होती, म्हणून मला ऐकू आलं.

"मागच्या ओळीला ऊन कमी पडतंय," मोठे माळी फुलाकडे बघतच म्हणाले.

"माहीत आहे."

"माहीत आहे तर मग?"

"शेजारच्या झाडाची फांदी उतरवायला हवी. परवानगी लागते."

"अर्ज केला?"

"चार महिने झाले."

मोठ्या माळ्यांनी कार्यालयाबद्दल एक शब्द उच्चारला. तो मी इथे लिहीत नाही. चौतीस वर्षांच्या सेवेतून आलेला शब्द होता. ताई हसल्या नाहीत, पण गाडी त्यांनी खाली ठेवली.

"साहेब बदललेत," त्या म्हणाल्या. "नवे साहेब म्हणतात, फांदीचा फोटो पाठवा."

"फोटोत सावली दिसते का त्या गाढवाला?"

"तेच लिहून पाठवलंय. जरा सभ्य शब्दांत."

"सभ्य शब्दांत लिहिलं म्हणूनच चार महिने झाले."

ताईंनी पुन्हा गाडी उचलली. "तुमच्या वेळी काय लिहायचात?"

"लिहायचो नाही. फांदी तोडायचो आणि मग लिहायचो, वाऱ्याने पडली."

"मला ते जमायचं नाही," ताई म्हणाल्या आणि निघाल्या.

"न जमायला काय झालंय," मोठे माळी त्यांच्या पाठीला म्हणाले. "शिडी धरायला माणूस लागतो एवढंच."

ताईंनी मागे वळून पाहिलं नाही, त्यांच्या काठीकडे तर नाहीच. "तुम्ही नाही धरायची," त्या म्हणाल्या. गाडीचं चाक करकरत पुढच्या वाफ्याकडे गेलं.

मोठे माळी बारा वाजेपर्यंत बसून राहिले. जाताना माझ्या खिडकीवरून गेले, तेव्हा मी नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पुन्हा नाणी ठेवली.